दोन पांगुळगाडे

आमच्या मामंजींची, म्हणजे माझे सासरे गेणबा यांची, आयुष्यात एकच इच्छा उरली होती. लेकराचं पहिलं पाऊल बघायचं. लोकांना काशी बघायची असते, कुणाला विमान आतून बघायचं असतं. गेणबांना पाऊल बघायचं होतं, आणि तेही पहिलंच हवं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या पावलात त्यांना काडीचा रस नव्हता.

कारण सांगते. मामंजींनी सव्वीस वर्षं मुंबईच्या गोदीत ओझी वाहिली. शिमग्याला आठ दिवस आणि गावच्या जत्रेला चार दिवस, एवढेच काय ते गावी, माणला, यायचे. त्यांचा मुलगा जयवंत, म्हणजे माझे यजमान, पालथे पडले तेव्हा मामंजी गोदीत, बसायला लागले तेव्हा गोदीत, आणि चालायला लागले तेव्हाही गोदीतच. शिमग्याला घरी आले तर पोरगा अंगणातून धावत आला आणि ह्यांना बघून "आये, कोन पाव्हणं आलं बघ" म्हणत आत पळाला. मागून दोन मुली झाल्या, त्यांचंही तसंच झालं. म्हणून माझा वाल्मीक जन्मला तेव्हा मामंजींनी बारशाच्या दिवशीच पाळण्यावर बोट रोखून बजावलं, "ह्याचं पाऊल मी बघनार. म्या बघितल्याबिगर ह्यानं चालायचं न्हाई."

बारा दिवसांच्या वाल्मीकनं ते ऐकून घेतलं आणि झोपला.

मी बालवाडीची बाई. पुण्याला तीन महिने शिबिर करून आलेली, त्यामुळं मला सगळं कळतं असं माझं त्या वेळी ठाम मत होतं. शिबिरात मिळालेला एक तक्ता मी पडवीच्या भिंतीला लावला होता. तिसऱ्या महिन्यात मान धरते, पाचव्यात पालथे पडते, आठव्यात आधाराशिवाय बसते, असं पाच वर्षांपर्यंतचं सगळं त्यात चित्रांसकट होतं. वाल्मीकला रोज त्या तक्त्यासमोर धरून मी तपासून घ्यायची. आमच्या सासूबाई तुळजाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "त्याला वाचाय येत न्हाई गं इंदे."

वाल्मीक सहाव्या महिन्यात गेला आणि १९८१ सालच्या त्या मे महिन्यात मामंजी आंब्यावर चढले.

साठी बुद्धी नाठी म्हणतात. आमच्याकडं सत्तरीला दोघांची मिळून नाठी झाली होती. दुसरे म्हणजे शेजारचे कोंडाजी, मामंजींचे लहानपणापासूनचे मैतर. बांधावरच्या रायवळ आंब्याखाली उभं राहून ते नुसतं म्हणाले, "गेण्या, शेंड्याचा आंबा पिकलाय बघ. पर ऱ्हाऊ दे. आता तुझ्यानं व्हायचं न्हाई." एवढं पुरे झालं. मामंजी धोतर खोचून वर. शेंड्याला पोचले, आंबा तोडला, एका हातानं उंच धरून "बघ रं कोंड्या" म्हणून ओरडले, आणि फांदीसकट खाली आले. आंबा हातातून सुटला नाही, हे कोंडाजी अजून सगळ्यांना कौतुकानं सांगतात.

मांडीचं हाड मोडलं. पुण्याच्या दवाखान्यात नेलं आणि पाय कंबरेपासून खाली पांढरा करून दिला. ते तिकडं पडून होते तेव्हाच इकडं वाल्मीक पालथा पडला. जयवंत भेटायला गेले आणि सांगितलं, तर मामंजींनी म्हणे चादर तोंडावर ओढून घेतली.

"हुकलं," एवढंच म्हणाले.

घरी आणल्यावर मात्र त्यांनी खाट माजघरात टाकू दिली नाही. पडवीत टाकायला लावली, अशी की अंगणही दिसावं आणि आतला उंबराही. पडल्या पडल्या दिवसभर वाल्मीकवर नजर. मधून मधून तक्त्यावर नजर.

"इंदू, पाच वरसाच्या म्होरं काय लिव्हलंय?"

"पुढं काही नाही मामंजी. तक्ता बालवाडीचा आहे."

"म्हंजी पाच वरसाला मानूस संपलं? लिव की म्होरलं. मी सांगतो." आणि खरंच त्यांनी मला जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहायला लावलं. बाराव्या वर्षी गोठ्यामागं पहिली बिडी, आन् बापाचा पहिला जोडा. सोळाव्याला लगीन. बायकोचं तोंड चार दिसांनी दिसतं, मग तेच दिसत ऱ्हातं. इसाव्या वरसी मानूस कुणी न सांगता ओझं उचलून दावतं, तिशीत सांगितलं म्हनून उचलतं, चाळिशीत दुसऱ्याला उचल म्हनून सांगतं. साठीत नुसतं बसून दुसऱ्याचं कुटं चुकतंय ते बघतं.

"आणि सत्तरीत?"

"सत्तरीत आंब्यावर चढतं."

"त्याच्या पुढं?"

"आता म्होरं काय? आंबा संपला," म्हणाले आणि स्वतःच एवढे हसले की पाय दुखला.

श्रावणात प्लॅस्टर काढलं. पौडचे डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता लहान मुलासारखं पहिल्यापासून करायचं. आधी बसायचं, मग धरून उभं राहायचं, मग चालायचं. दिवाळीपर्यंत चालले तर चालले, नाहीतर सांधे धरतील. मामंजींनी पहिल्याच दिवशी बसायचा प्रयत्न केला, डोकं गरगरलं आणि बाजूला कलंडले. समोर कोंडाजी होते. झालं. मामंजी भिंतीकडं तोंड करून पडले. उठा म्हटलं की म्हणायचे, "मला पडून बी दिसतंय."

ह्यातच वाल्मीक बसायला लागला.

आता आमच्या आत्याबाईंच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. मूल पालथं पडलं की घारगे, बसलं की लाडू, रांगलं की कुरडया, उंबरा ओलांडला की कानवले, आणि पहिलं पाऊल टाकलं की पुरणपोळ्या. घरोघर ताट पाठवायचं. ताटाबरोबर काही बोलायचं नाही, पदार्थावरून ज्यानं त्यानं ओळखायचं. आणि आपल्याकडं ताट काही कुणी रिकामं परत करत नाही. त्यात बाळासाठी काहीतरी घालूनच ते परत यायचं. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून आत्याबाईंनी ही रीत आमच्या आळीला लावली होती.

तर वाल्मीक बसला, लाडू झाले, अकरा घरी ताटं गेली. मामंजींच्या वाटणीचे दोन लाडू आत्याबाईंनी वाटीत घातले आणि वाटी खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवली. हात लांब केला तर बोटं पोचतील न पोचतील, बरोबर एवढ्या अंतरावर. मी सरळ हातात द्यायला निघाले तर माझ्या दंडाला एवढा चिमटा बसला की दोन दिवस काळानिळा होता. आम्ही दोघी दाराआड उभ्या राहिलो. मामंजींनी हात लांब केला. पोचला नाही. इकडं तिकडं बघितलं. मग कोपरावर रेटा दिला, कुंथले, आणि उठून बसले. लाडू तोंडात घातला. दुसरा पण बसूनच खाल्ला.

"बसलं!" आत्याबाईंनी टाळीच वाजवली. "इंदे, ह्ये बसलं! कणीक काढ!"

मी म्हटलं गंमत करतायत. पण दुसऱ्या दिवशी खरंच परत लाडू वळले आणि मला अकरा ताटं घेऊन पिटाळलं. "काय बोलायचं न्हाई. रीत ती रीत," म्हणाल्या. बायका ताटाकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या. कालच तर लाडू आले होते. पण शुभाच्या ताटाला का म्हणून कोण विचारणार?

ताटं परत कशी येतात ह्याचा विचार मात्र आत्याबाईंनी केला नव्हता. संध्याकाळी एकेक यायला लागलं. एकात टोपडं, एकात कुंची, एकात काजळाची डबी, चार खुळखुळे, आणि समोरच्या केशरबाईंकडून नवं कोरं दुपटं. केशरबाई स्वतःच घेऊन आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "कुटं हाय गं दुसरं बाळ? जयवंताच्या भनीचं आणलंय का काय? दाव की मला."

 आत्याबाईंनी सरळ खाटेकडं हात केला. "त्ये बघा. कालच बसाय लागलंय."

केशरबाईंनी मिशीवाल्या बाळाकडं बघितलं. मग त्या ज्या हसायला लागल्या त्या अंगणात बसल्या, तिथून उठेनात, आणि त्यांना उठवायला आलेल्या बायका पण खाली बसल्या. मामंजींचा संताप झाला. "ही काय चेष्टा लावलीया? माझी काय लाज हाय का न्हाई?" तेवढ्यात कोंडाजी आले. त्यांना कुणीतरी वाटेतच सांगितलं होतं. त्यांनी ताटातला एक खुळखुळा उचलला, मामंजींच्या तोंडासमोर धरला आणि खुळखुळ वाजवला.

मामंजी ताडकन उठून बसले आणि खुळखुळा हिसकावून कोंडाजींना फेकून मारला. बसायला ह्या खेपेला कोपरसुद्धा लागलं नाही.

"अरं वा," कोंडाजी डोकं चोळत म्हणाले. "आता पैज लाव. आदी तू चालतुस का तुझा नातू?"

"मी!"

"मिशी लावतुस?"

"लावली! तू बी लाव!"

लागली. गावात ह्या दोनच मिशा बघण्यासारख्या होत्या, त्यामुळं ही बातमी पार शेजारच्या मारुंजी गावापर्यंत गेली. बहिरू सुतारानं तर आपल्या मनानंच दोन पांगुळगाडे करून आणले. एक नेहमीचा, तीन चाकांचा, वाल्मीकच्या मापाचा. दुसरा तसाच, लाल-हिरवा रंग दिलेला, चाकात खुळखुळ वाजणारे घुंगरू घातलेला, पण मामंजींच्या कंबरेएवढा. पौडच्या डॉक्टरांना आम्ही भीत भीत सांगितलं तर ते म्हणाले, पुण्यात ह्याला कितीतरी पैसे पडतात, आणि हे त्याहून चांगलं दिसतंय.

मग आमच्या घरात जे काही चाललं होतं ते शिबिरात कुणी मला शिकवलं नव्हतं. सकाळी अंगणात दोघांना आपापल्या गाड्याला उभं करायचं. वाल्मीक दोन हात गाडा ढकलायचा आणि बदकन बसायचा. मामंजी दोन हात ढकलायचे आणि "तुळजे, धर" म्हणून ओरडायचे. वाल्मीक रांगला तेव्हा कुरडया झाल्या. मामंजी ढुंगणावर सरकत मोरीपर्यंत गेले तेव्हा परत कुरडया झाल्या. दसऱ्याच्या आठवड्यात सोमवारी वाल्मीकनं उंबरा ओलांडला आणि गुरुवारी मामंजींनी. आत्याबाई कानवले तळून तळून दमल्या, पण तोंडावरचं हसू हटत नव्हतं. आळीतल्या बायकांनाही आता चटक लागली होती. परत येणाऱ्या ताटात मामंजींसाठी तंबाखूच्या पुड्या यायच्या, आणि एकदा कोपऱ्यावरच्या चांगुणानं काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा पाठवला, दृष्ट लागू नये म्हणून. मामंजींनी तो गळ्यात घातलाही.

सगळं इतकं बरं चाललं होतं, आणि माझ्या यजमानांनी तोंड उघडलं.

जयवंत चिंचवडला कंपनीत. पहाटे सायकलवरून जायचे ते दुपार टळल्यावर यायचे. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "आबा चालाय लागलं की बरं होईल. ओढ्याच्या पलीकडच्या खाचरात उशिराचं भात हाय, पाखरं लई येत्यात. सकाळी गेलं की सांजच्याला यायचं. बसून राखायचं, दुसरं काय न्हाई."

मामंजींचा घास हातातच राहिला. मी बघितलं. त्यांनी अंगणात खेळणाऱ्या वाल्मीककडं एकदा बघितलं आणि भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी चालेनात. पाय दुखतो, चक्कर येते, आज नको. गाडा धरून अंगणात एक फेरी, पुढं नाही. दिवाळी आली, दिवाळी गेली. डॉक्टरांची मुदत संपली. मी तर डोक्यात राखच घालून घेतली. सांधे धरले तर जन्मभर खाटेवर, आणि करायचं मला! मी तक्त्यासमोर उभी राहून त्यांना अक्षरशः झापलं. "वाल्मीक अकराव्या महिन्यात धरून उभा राहतोय, आणि तुम्ही?" मामंजी मान खाली घालून म्हणाले, "पोरगं हुशार हाय." आत्याबाई ह्या सगळ्यात एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचाही राग आला.

तुळशीच्या लग्नाच्या अलीकडची गोष्ट. बालवाडीमागच्या झाडावर आग्या मोहोळ उठलं, म्हणून पोरांना घरी सोडून मी दुपारीच परत आले. आत्याबाई नदीवर धुण्याला गेलेल्या. पुढं पडवीत खाट रिकामी.  वाल्मीक झोळीत झोपलेला होता. मी मागच्या दारानं परसात गेले.

मामंजी घेवड्याच्या वेलाशी उभे होते. गाडा नाही, काठी नाही. एक हात पाठीमागं, दुसऱ्यानं शेंगा तोडून धोतराच्या ओच्यात टाकत, काहीतरी गुणगुणत, वेलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले होते. मध्येच एक उंचावरची शेंग काढायला टाचासुद्धा उचलल्या.

"मामंजी!"

त्यांनी दचकून वेल धरला आणि मला बघून पटकन पाय लंगडा केला. चुकीचा पाय लंगडा केला.

"कधीपास्नं?" मी कंबरेवर हात ठेवून विचारलं.

"धा-बारा दिस झालं आसतील," ते शाळेतल्या पोरासारखे म्हणाले. मग एकदम हात जोडले. "इंदू, बोलू नगंस बाई. मी चालतुया म्हनून कळलं की जयवंता मला खाचरात धाडनार. सकाळी जायाचं, सांजच्याला यायाचं. आन् ह्या पोरानं नेमकं दुपारी पाऊल टाकलं तर? गोदी काय आन् खाचर काय, मला सारकंच. तीन लेकरं झाली गं मला. एकाचं बी न्हाई बघितलं. मिशी जाऊ दे, पर येवढं एक बघू दे."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. रडूही आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळं मला ठसका लागला. मी त्यांच्या ओच्यातल्या शेंगा पदरात घेतल्या, म्हणजे पुरावा नको, आणि त्यांना म्हटलं, "आधी खाटेवर जा. आणि लंगडायचं असेल तर डाव्या पायानं."

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात हा प्रसंग घडला.

आत्याबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मोहोळामुळं बालवाडी अजून बंद होती, म्हणून मी घरीच तांदूळ निवडत होते. वाल्मीक जात्याला धरून उभा होता. त्याला भाकरी हवी होती. त्यानं जातं सोडलं. एक पाऊल टाकलं. डुलला. दुसरं टाकलं. तिसरं टाकून आत्याबाईंच्या पाठीवर जाऊन आदळला.

मी ओरडणार, तेवढ्यात आत्याबाईंनी पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. दुसऱ्या हातानं वाल्मीकचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"काय बघितलंस?" त्या कुजबुजल्या.

"आत्याबाई, तीन पावलं..."

"काय बघितलंस?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या माझ्याकडं रोखून बघत होत्या. मला कळलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"हां. म्या बी न्हाई."

म्हणजे मामंजींनी मला जे परसात सांगितलं, ते आत्याबाईंना सांगावंच लागलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी वाल्मीकला उचलला, पीठ झटकलं आणि अंगणात मामंजींच्या समोर नेऊन तुळशीपाशी उभा केला. "चल बाळा, चल." वाल्मीकनं आम्हां सगळ्यांकडं बघितलं आणि बसला. भाकरी दाखवली, खुळखुळा वाजवला. ढिम्म. आत नेला की स्वयंपाकघरात परत तुरुतुरु. आम्ही परत बसवायचो. एखाद्या आईनं चालणाऱ्या पोराला दिवसभर धरून धरून बसवलं असेल तर ती मीच.

दुपारी केशरबाई ताक मागायला थेट आत आल्या आणि वाल्मीक त्यांच्या समोरून चालत गेला. आत्याबाईंनी दार लावून त्यांना कारण सांगितलं. केशरबाईंनी डोळ्याला पदर लावला, कुणाला सांगणार नाही म्हणून तांब्याला हात लावून शपथ घेतली, आणि संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येक बाईला एकेकटीला गाठून शपथेवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायका काही ना काही निमित्त काढून आमच्या स्वयंपाकघरात येऊन वाल्मीकचं चालणं बघून गेल्या, आणि जाताना पडवीत मामंजींना हटकून म्हणायच्या, "न्हाई चालत का अजून बाळ? व्हईल हो, व्हईल." मामंजी काळजीनं मान हलवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बायकांची नुसती गर्दी. कुणी सूप घेऊन पाखडायला आलेली, कुणी मिरच्यांची देठं काढायला, जशी काही ह्यांच्या घरी अंगणंच नव्हती. मामंजी आणि कोंडाजी खाटेवर तंबाखू मळत बसले होते. मी वाल्मीकला तुळशीपाशी ठेवला आणि मनात म्हटलं, आता नाही चाललास तर मी पुन्हा नाही आणणार.

वाल्मीक तुळशीला धरून उभा राहिला. सुपं थांबली.

त्यानं हात सोडला. मामंजींकडं बघितलं. एक पाऊल. कोंडाजींची चिमूट हवेतच. दुसरं पाऊल. मग तिसरं, चौथं, पाचवं, आणि त्यानं आजोबांच्या दोन्ही गुडघ्यांना मिठी मारली.

मामंजी हललेच नाहीत. त्यांनी वाल्मीकच्या पावलांकडं बघितलं, मग मातीत उमटलेल्या त्या पाच ठशांकडं बघितलं, आणि मोठ्यानं रडायला लागले. "बघितलं! तुळजे, म्या बघितलं! पयलं!" बायकांनी एकच गलका केला. केशरबाईंनी तर कपाळावर हात मारून "अगं बया, खरंच की, चाललं की गं" असं इतक्या मोठ्यानं म्हटलं की मला त्यांना चिमटा काढावा लागला. आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचं रडणं काही खोटं नव्हतं.

पहिले सावरले ते कोंडाजी. "गेण्या, मिशी!"

"चल," म्हणाले मामंजी. वाल्मीकला उचलून कडेवर घेतलं, चपला सरकवल्या, आणि ताठ चालत अंगण ओलांडून नथू न्हाव्याच्या दिशेनं निघाले. ते वळणावर गेले तेव्हा कुठं कोंडाजींच्या ध्यानात आलं.

"अरं... अरं, तू चालतुयास!"

"पंध्रा दिस झालं!"

"मंग मी हारलो की! थांब!" कोंडाजी मागून धावत सुटले. "मिशी माझी जानार!"

"न्हाई, मी हारलो!"

"आरं पंध्रा दिस आदी चाललास तू!"

"कुनी बघितलं? ज्याचं बघितलं त्येच पयलं!"

सत्तरीचे दोन म्हातारे, हरलो तो मीच म्हणून रस्त्यानं भांडत गेले. नथूनं दोघांचं ऐकून घेतलं, वस्तरा घासला आणि दोघांचीही उतरवली. बिनमिशीच्या आजोबांना बघून वाल्मीक असा भोकाड पसरून रडला की बास.

संध्याकाळी पुरणपोळ्या. डाळ शिजवायला वेळ लागेल म्हणून मी घाईनं आत गेले, तर पुरण वाटून तयार होतं. आत्याबाईंनी डाळ आदल्या रात्रीच भिजत घातली होती. त्या पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होते. मामंजी आत आले आणि चुलीपाशी पाटावर बसले. ह्या घरात सून म्हणून आल्यापासून मी त्यांना स्वयंपाकघरात असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"ताटात दोन दोन घालतीयास?" त्यांनी विचारलं.

"एक नातवाची, एक तुमची."

"माझी कशापायी? माझं पयलं पाऊल कुनी बघितलं?"

आत्याबाईंनी लाटणं थांबवलं नाही. "परसात घेवड्याखालची माती मी रोज बघत न्हाई व्हय? धा-बारा दिस तुमच्या पावलांचं ठसं पडत्यात तितं. मीच झाडून काढत हुते, जयवंताला दिसू नयेत म्हनून."

मामंजी बघतच राहिले. मीही भाजायची थांबले.

"तुला ठावं हुतं?" ते म्हणाले. "मंग बोलली का न्हाईस? डाक्तर सांगतुया, इंदू वरडतीया, खाचरात पाखरं भात खात्यात. आन् तू गप?"

आत्याबाईंनी पोळी तव्यावर टाकली. मामंजींकडं बघितलं नाही.

"चाललात आसतात तर ग्येला आसतात," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच दिसभर घरात हुता. म्हनून न्हाई बोलले."

चुलीत लाकूड तडतडलं. माझी पोळी करपली, पण मला कुणी काही म्हणालं नाही.  मामंजींनी पुरणाचं पातेलं पुढं ओढलं आणि ते एकेक गोळा करून आत्याबाईंच्या परातीत ठेवायला लागले. गोळे लहानमोठे होत होते. आत्याबाई त्यातला एकही मोडून सारखा करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पाखरं राखायला खाचरात गेले. जाताना आत्याबाईंना बरोबर घेऊन गेले. घरच्या भाकऱ्या त्या दिवसापासून मी करायला लागले.